गाडीखालचा ठेकेदार

कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की आमच्या वावराचं तोंड मोकळं होतं. दिवाळीपासून कापसानं भरलेलं, मग तुरीनं अडवलेलं ते वावर फाल्गुन लागला की एकाएकी उघडं पडतं आणि पार पलीकडच्या गावचं देऊळ दिसायला लागतं. बांधावरचा पळस तेवढा रंगलेला. बाकी सगळी काळी माती, भेगाळलेली, आता माझ्याकडे काही मागू नका म्हणून पाय पसरून बसलेली. हवेला तुऱ्हाटीचा कोरडा वास. लोकांना या दिवसांत होळी आठवते, लग्नसराई आठवते. मला माझ्या उजव्या पायाखालचा एक्सलेटर आठवतो.

आता हसू नका. गाडी मी याच उघड्या वावरात शिकले, साठी उलटल्यावर. वर्षाच्या बाबांनी, म्हणजे आमच्या घरधन्यांनी, दवाखान्याच्या येण्याजाण्याला म्हणून एक जुनी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी गोठ्याच्या कुडात घातली. त्यानंतर त्यांनी तिला हात लावला नाही. गाडीवर कोंबड्या बसायला लागल्या. मला ते पाहवेना. भाच्यानं चार गोष्टी सांगितल्या, बाकीचं वावरानं शिकवलं. पऱ्हाटी उपटलेल्या वावरात आपटायला काही नसतं, बांध सोडला तर. आणि खरं सांगू, बैलगाडी हाकणाऱ्या बाईला मोटारगाडीचं काय भ्या? कासरा ओढायचा नसतो, कासऱ्यानं बैलाला नुसतं कळवायचं असतं. स्टेरिंगचंही तेच. रीतसर यवतमाळला जाऊन लायसन काढलं. तिथला साहेब फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत होता.

आज सकाळी अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. ठेकेदार उठला, हळूहळू, गुडघे धरल्यासारखा, आणि गाडीपाशी गेला. वाकून गाडीखाली पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यालाही हे दिवस आठवतात तर.

ठेकेदार म्हणजे आमचा कुत्रा. रंगानं तांबूस, एक कान मुडपलेला, आणि चालीत असा तोरा की आमदारानं बाजूला व्हावं. आमची बैलगाडी होती तेव्हा तो कायम गाडीखाली चालायचा, दोन चाकांच्या मधोमध, आखाच्या सावलीत. वावरात जाताना, कापूस भरून येताना, ढाणकीच्या बाजाराला. बैलांच्या पावलाला पाऊल लावून. आपणच गाडी ओढतो अशी त्याची पक्की समजूत. घरी आल्यावर बैलांच्या मानेवरचं जू उतरलं की मगच तो बाहेर यायचा, अंग झटकायचा आणि माझ्यापुढं येऊन बसायचा. त्याची मजुरी अर्धी भाकर. ती हातानं दिल्याशिवाय हलायचा नाही. "हे कुत्रं नाही," वर्षाचे बाबा म्हणाले, "ठेकेदार हाये. काम बैलाईनं कराव, बिल यानं काढाव." तेच नाव पडलं.

पुढं आमचा लाख्या बैल गेला. त्याच्यामागं जोडीचा बांड्याही फार राहिला नाही. नांगरट ट्रॅक्टरची झाली. बैलगाडी अंगणात वाकून उभी राहिली आणि ठेकेदार तिच्याखाली जाऊन बसला. कुठं जाणार? त्याची नोकरीच तिथं होती. बैलांची घुंगरमाळ मी खुंटीला लावून ठेवली होती. झाडताना हात लागून ती वाजली की हा ताडकन उठायचा, उभा राहायचा, वाट पाहायचा. मग परत बसायचा. मला घास गोड लागायचा नाही त्या दिवशी.

आणि दुसरं दुखणं असं की मी घरात नसले तर हा जेवायचा नाही. एकदा नागपूरला लग्नाला गेले होते, तर यानं भाकरीकडे पाहिलंसुद्धा नाही. वर्षाच्या बाबांनी भरवून पाहिलं, दूध ठेवून पाहिलं. शेवटी फोन आला, "ये बापा लवकर, तुह्या ठेकेदारानं संप केला." हळद फिटायच्या आत मी परत. तेव्हापासून माझं गाव सोडणं बंद.

आमची वर्षा दिली अलिबागला. म्हणजे महाराष्ट्राच्या या टोकाची पोर त्या टोकाला. तिनं तिथं घर बांधलं, वास्तू झाली, बाबा जाऊन आले, आत्या जाऊन आली. मी नाही. ती फोनवर रागवायची नाही, तेच जास्त लागायचं. एकदा मात्र म्हणाली, "आई, माह्या घराच्या ओट्यावर तू बसली नाही अजून. पाहुणे येऊन गेले, वळखीचे येऊन गेले, एक तूच राहिली."

त्या दिवशी मी भाजीत मीठ घालायचं विसरले.

"कुत्र्यापायी लेकीच्या घरी न जाणारी माय म्या कुठी पाह्यली नाही," बेबीबाई म्हणाली. बेबीबाई माझी नणंद. सासर-माहेर एकाच गावात, त्यामुळे तिचा मुक्काम निम्मा आमच्या ओसरीवर. वय माझ्याएवढंच, पण नाव बेबी, आणि जिभेला हाड नाही.

"मंग कुत्र्याले घेऊनच जाईन," मी म्हटलं.

"कायनं? बसमंधी तिकीट काढशीन त्याचं? हाफ का फुल?"

"माह्या गाडीनं."

ओसरीवर हसू फुटलं. वर्षाचे बाबा सुपारी कातरत होते, अडकित्ता थांबवून म्हणाले, "उमरखेडच्या पुढं गाडी नेली का कधी? गाडीखालचं कुत्रं तसं तुमचं दोघाईचं. त्याले वाटते तो ओढून राह्यला, तुले वाटते तू."

म्हण जुनीच आहे, सगळे वापरतात. पण त्या दिवशी ती माझ्या अंगाला चिकटली. मी विचार करत राहिले. बावीस माणसांचं घर होतं हे कधीकाळी. स्वयंपाक, गोठा, वेचणी, बाळंतपणं. मी खाली होते, हे खरं. पण गाडी चालत होती ना?

ठरलं. तूर निघाली, कापसाचा शेवटचा वेचा झाला, पऱ्हाट्या उपटल्या, आणि आम्ही निघालो. बेबीबाई म्हणाली, "वैनी, तू एकटी रस्ता चुकली तं इचारणार कोण? मी येतो." ती पहिल्यापासून येणारच होती, लुगडी आधीच घडी घालून ठेवली होती.

पण ठेकेदार गाडीत बसेना. दार उघडलं की हा गाडीखाली. ओढून काढला की परत खाली. सगळं गाव निरोपाला जमलेलं आणि मी आडवी पडून गाडीखालच्या कुत्र्याशी बोलतेय. वर्षाचे बाबा नुसते खाकरले. त्या खाकरण्यानं मला बुद्धी सुचली. उठले, घरात गेले, खुंटीवरची घुंगरमाळ काढली आणि गाडीतल्या आरशाला बांधली. छन्न झालं. ठेकेदार बाहेर आला. आत पाहिलं. शीटवर नाही बसला, शीट काय त्याच्या कामाचं? पुढच्या शीटच्या खाली, जिथं माणसाचे पाय असतात, तिथं शिरला, अंग मुडपलं आणि तोंड पुढं करून बसला. वर छत, खाली रस्ता, कानाशी घुंगरू. त्याला त्याची गाडीखालची जागा सापडली होती.

"मंग मी पाय कुठी ठेवू?" बेबीबाई.

"मागं बसा बाई."

पैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "आता उमरखेडच्या पुढं आलो आपण." कोणाला सांगत होते देव जाणे. पुढचं सगळं मला अजून वासांनी आठवतं. गोदावरीच्या काठचा ओलसर गार वास. परभणीकडच्या पिकल्या ज्वारीच्या कणसांचा वास. आम्ही घाई केलीच नाही. घाई करायची म्हटली तरी ठेकेदाराला सारखं उतरावं लागायचं, बेबीबाईला चहा लागायचा आणि मला ट्रकांची भीती वाटायची, म्हणून मी आपली डाव्या कडेनं, बैलाच्या चालीपेक्षा थोडी बरी. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. एक ट्रकवाला बरोबरीला येऊन ओरडला, "आजी, गाडीत पेट्रोल घातलं की कडबा?" बेबीबाईनं काच खाली करून सांगितलं, "कडबाच हाये, तुले पाह्यजे का पेंडी?" तो हसत हसत गेला.

मुक्काम ओळखीपाळखीनं व्हायचे. कोणाची चुलत मावशी, कोणाचा सोयरा. आणि प्रत्येक अंगणात बोली बदललेली, भाकर बदललेली. आपल्याकडची ज्वारीची, पुढं बाजरीची. मी दर ठिकाणी पहिली अर्धी भाकर मोडून ठेकेदारापुढं धरायचे आणि मनात धाकधूक. परक्या चुलीचं खाईल का हा? त्यानं वास घ्यावा, माझ्याकडे पाहावं आणि खावं. तेवढं झालं की मी जेवायचे.

गावोगावची कुत्री मात्र आमची वाटच पाहायची. गाडी थांबली की आली टोळी. ठेकेदार उतरायचा आणि थेट गाडीखाली. तिथून गुरगुरायचा असा, की चार चाकांच्या आत यायची कोणाची छाती नाही. ज्या खोडीपायी मी डोकं धरून बसले होते, ती त्याची गढी निघाली.

नगर जिल्हा लागला आणि हवा गोड झाली. गुळाचा, मळीचा, उसाच्या पाचटाचा असा मिसळलेला वास. वळणावर मी ब्रेक दाबला. समोर उसानं लादलेल्या बैलगाड्यांची रांग, कारखान्याकडे निघालेली. इतके बैल एका वेळी मी कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. माझे डोळेच भरले. ठेकेदार उभा राहिला, कान टवकारून. आत बसून राहणं काही जमेना, मी खाली उतरले, ठेकेदारही उतरला, आणि मी एका गाडीच्या बैलाच्या कपाळावर हात ठेवला. लाख्यासारखाच तांबडा होता. गळा मोकळा. ना घुंगरू, ना कवडी, साधा दोरही नाही.

आता आमच्याकडे भरल्या गाडीचा बैल मोकळ्या गळ्यानं चालत नाही. माल घरी येतो, लक्ष्मी येते, तिला वाजत आणायचं. माझ्या हातांनी माझ्या डोक्याला विचारलंच नाही. आरशाची घुंगरमाळ सोडली आणि त्या बैलाच्या गळ्यात बांधली. गाडीवरची बाई, तरणी, डोईला फडकं बांधलेली, बघतच राहिली. "आवं मावशी, हे काय?"

"राहू दे माय. शोभते त्याले."

रांग हलली. घुंगरू वाजलं. आणि ठेकेदार माझ्या पायाजवळून निघाला, त्या गाडीच्या खाली शिरला आणि चालायला लागला. आखाच्या बरोब्बर खाली. पावलाला पाऊल.

"ठेकेदार! ये! ये बापू!" त्यानं मागं वळून नाही पाहिलं.

बेबीबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "वैनी, काय केलंस हे! हातानं बांधून देल्लं कुत्रं!"

"मंग काढून घेऊ का माळ?"

बेबीबाईनं जीभ चावली. बैलाच्या गळ्यात घातलेलं परत काढत नाहीत, हे तिलाही ठाऊक. गाडीवरची बाई तिकडून ओरडली, "कुत्रं तुमचंय व्हय? कसं लेकरावानी चालतंय! ऱ्हाऊ द्या की आमच्यात!" तिला बिचारीला काय माहीत. मी गाडीत बसले आणि त्या बैलगाडीच्या बाजूनं, तिच्याच चालीनं, गाडी हाकायला लागले. मागं मोटारींची रांग लागली. शिव्या आल्या. मी डावीकडे पाहत होते. चाकांच्या मधून त्याचं शेपूट दिसत होतं, वर उचललेलं, झेंड्यासारखं. इतका सुखी मी त्याला बैल गेल्यापासून पाहिला नव्हता.

तेव्हा मनात एक विचार आला. याला याची गाडी सापडली असेल, तर मी कोण ओढून नेणारी? माझ्यापाशी काय आहे त्याच्यासाठी? शीटखालची हातभर जागा. पण हा राहिला तर मी अलिबागला कोणत्या तोंडानं जाणार, आणि घरी कोणत्या? बेबीबाई मागून पदरानं नाक पुसत होती. तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. "गधड्या," ती म्हणत होती, "हरामखोरा, सोडून चालला."

कारखान्याच्या आवारात गाड्या ओळीनं थांबल्या. मी उतरले, पण जवळ गेले नाही. हाकही मारली नाही. तो खालीच उभा होता. त्या बाईच्या नवऱ्यानं जुवाच्या खुंट्या काढल्या. बैलांच्या मानेवरचं जू उतरलं.

ठेकेदार बाहेर आला. अंग झटकलं, नाकापासून शेपटापर्यंत. इकडं तिकडं पाहिलं. मग त्या एवढ्या बैलांतून, माणसांतून, उसातून, धुरळ्यातून सरळ चालत आला आणि माझ्यापुढं बसला. मजुरी मागायला.

तो सोडून गेला नव्हता हो. कामावर गेला होता.

डब्याचं झाकण मला काही निघेना. बेबीबाईनं डबा हिसकावला, अर्धी नाही, पुरी भाकर काढली आणि म्हणाली, "घे रे बाबा. आज ओव्हरटाइम केला तुवा." ती ऊसतोडीवाली बाई हसून हसून वाकली. तिनं आम्हाला उसाची कांडी दिली आणि आम्ही निघताना म्हणाली, "माळ वाजंल तवा तुमची याद करीन मावशी." मी गाडीचं दार उघडलं. आरसा रिकामा होता, घुंगरू नाही, काही नाही. ठेकेदार चढला, पुढच्या शीटखाली शिरला आणि अंग मुडपून बसला. आवाजाची गरज नव्हती त्याला. निघायचं आहे, एवढं पुरलं.

त्यानंतर मला कशाची भीती वाटली नाही. पुण्याच्या गर्दीत मी ट्रकांना हॉर्न दिले. घाट उतरताना बेबीबाई देवाची सगळी नावं घेत होती आणि मी गाणं म्हणत होते. माती काळीची तांबडी झाली, घरांची छपरं उतरती झाली, हवा अंगाला चिकटायला लागली, आणि एका संध्याकाळी वर्षाच्या दारात गाडी उभी राहिली. ती धावत आली, हातात पिठाचा गोळा तसाच. मला काही बोलायचं होतं, पण मी आधी जाऊन तिच्या ओट्यावर बसले. नुसती बसले. लाल गुळगुळीत ओटा, गार. वर्षा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि ठेकेदारानं तिच्या हातातलं तांदळाचं पीठ चाटून साफ केलं. कोकणची भाकरही मंजूर झाली.

समुद्र तिनं दुसऱ्या दिवशी दाखवला. आमच्यासारख्या माणसाला समुद्राचं काय सांगू? पऱ्हाटी उपटलेलं वावर मी मोठं समजत होते. ओहोटी होती. पाणी मागं हटलेलं आणि त्यात उभा किल्ला. किल्ल्याला जायला घोडागाड्या, उंच चाकांच्या, घोड्याच्या गळ्यात घुंगरू. मी ते पाहिलं, ठेकेदारानं पाहिलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं.

या वेळी मी त्याला अडवलं नाही. आम्ही तिघी वर चढलो. तो खाली शिरला.

"काकी, कुत्रा चाकात येईल हां," गाडीवाला घाबरला.

"नाही येत. त्याले शिकवू नका, त्याचा धंदा हाये तो," बेबीबाई म्हणाली.

निघालो. आधी ओली वाळू, मग घोट्याएवढं पाणी, मग त्याच्या पोटाला लागेल एवढं. मी वाकून पाहत होते. लाट यायची, तो डोकं वर करायचा, शिंकायचा आणि पाऊल सोडायचा नाही. किनाऱ्यावरची पोरं ओरडायला लागली. बाकीच्या गाड्यांवरची माणसं उभी राहून फोटो काढायला लागली. "बघा, बघा, कुत्रा गाडी ओढतोय!" कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. ढाणकीकडचं कुत्रं समुद्रात गाडी ओढत होतं आणि वर मी बसले होते, पदर वाऱ्यावर, तोंडात खारट पाणी. घराच्या गाडीखाली जन्म गेला, आज पहिल्यांदा मी गाडीच्या वर होते.

वर्षानं फोन लावला, बाबांना दाखवलं. पडद्यावर त्यांचं तोंड दिसलं, मागं आमचं उघडं वावर. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. किल्ल्याच्या दारात गाडी थांबली. ठेकेदार बाहेर आला, असं अंग झटकलं की आम्ही सगळ्या भिजलो, आणि माझ्यापुढं बसला.

"ओढली का गाडी?" फोनमधून आवाज आला.

"ओढली," मी म्हटलं. "दोघाईनं."

"हाव," ते म्हणाले. "दिसली मले."

आता परत पळस आला आहे, परत वावर मोकळं झालं आहे. ठेकेदार म्हातारा झाला, कुडाला टेकून उभा राहतो, पण गाडीखाली पाहायचं सोडत नाही. बेबीबाईनं लुगडी घडी घालून ठेवली आहेत, कुठं जायचं हे न विचारता. आणि काल रात्री जेवताना वर्षाचे बाबा ताटाकडे पाहत म्हणाले, "यंदा मीबी येतो म्हणतो."

"या ना. वावराचं?"

"वावर कुठी पळून जाते." मग भाकर मोडत, "पुढच्या शीटवर बशीन मी. रस्ता दिसते."

मी ठेकेदाराकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बसा," मी म्हटलं, "पण पाय कुठी ठेवसान? तिथी ठेकेदार राह्यते. तुमी मागं बसा, बहिणीजवळ."

ते हसले. सुपारीचा अडकित्ता हातात घेतला. आणि आज सकाळी मी घाटे सोलत असताना पाहिलं, गाडीवरच्या कोंबड्या हाकलून ते मागचं शीट पुसून राह्यले होते.